कॅमेरा कोणाच्या बाजूला? लोकप्रिय चित्रपटांतील मद्य आणि तरुण प्रेक्षकांचे आरोग्य

महाराष्ट्रात बीअर आणि वाइन विकत घेण्यासाठी वयाची २१ वर्षे आणि त्याहून तीव्र मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. शिवाय मुंबई प्रांतासाठी १९४९ साली झालेला आणि पुढे राज्याकडे वारशाने आलेला दारूबंदी कायदा अजून लागू असल्यामुळे पिणाऱ्याजवळ परवाना असणेही आवश्यक ठरते, आणि गमतीचा भाग असा की हा परवाना आरोग्याच्या रक्षणासाठी म्हणून दिला जातो. चित्रपटाच्या प्रमाणपत्रावरील वयाची अट मात्र १८ वर्षांपाशी संपते. म्हणजे ज्या तरुणाला व्हिस्की विकणे दुकानदाराला गुन्हा ठरते, तो तरुण त्यापूर्वीची सात वर्षे ‘प्रौढांसाठी’ असलेले चित्रपट आणि त्याही आधीची शाळकरी वर्षे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाचे ‘यूए’ वर्गातील चित्रपट पाहत आलेला असतो, आणि ग्लास कसा धरावा, कोणत्या प्रसंगी कोणते मद्य शोभते, अपमान झाल्यास किती प्यावे आणि विजय मिळाल्यास किती, याचे शिक्षण त्याला पहिला घोट घेण्याच्या कितीतरी आधी मिळून चुकलेले असते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे शिक्षण आहे.

या विषयावरील वाद बहुधा दोन ठरावीक बाजूंनी लढवला जातो. चित्रपट समाजाचा आरसा आहे, जे घडते ते तो दाखवतो, असे एक पक्ष म्हणतो. चित्रपटांनी पोरे बिघडवली, असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्ष पडद्यावरील बाटल्या मोजत बसतात आणि त्यामुळे दोघांच्याही हातून अधिक महत्त्वाचा प्रश्न निसटतो. मद्य दाखवले की नाही यापेक्षा ते कोठे उभे राहून दाखवले, पिणाऱ्याच्या शेजारी बसून की त्याच्या घरात त्याची वाट पाहणाऱ्यांच्या शेजारी बसून, यावर प्रेक्षकाच्या मनात काय उरेल हे बरेचसे ठरते. मद्यपानाचा खर्च नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी नावे पडतो, आणि ते नाव पडद्यावर येते की नाही, ही या विषयातील खरी कसोटी आहे.

ही कसोटी लावून पाहण्यासाठी मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. राम गणेश गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे झाले आणि त्यानंतर महिन्याभराच्या आत, फेब्रुवारीत, त्यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात केला. त्यातील सुधाकर हा बुद्धिमान, तापट आणि मानी वकील. त्याची सनद काही काळ रद्द होते, त्या अपमानाच्या आगीत दारुडा तळीराम त्याच्या हाती पहिला पेला देतो, आणि तेथून पाच अंकांत घर उद्ध्वस्त होते. बरोबर १०० वर्षांनी, २०१९च्या जूनमध्ये, ‘कबीर सिंग’ हा हिंदी चित्रपट आला. तो ‘अर्जुन रेड्डी’ या २०१७च्या तेलुगू चित्रपटाचा पुनर्निर्मित अवतार. त्याचा नायकही बुद्धिमान, तापट आणि मानी; तो शल्यचिकित्सक आहे, प्रेयसीचे लग्न दुसऱ्याशी झाल्यावर तो दारूत आणि अमली पदार्थांत बुडतो, नशेत शस्त्रक्रिया करतो आणि त्याचा वैद्यकीय परवाना काही वर्षांसाठी काढून घेतला जातो. दोन कथांची सामग्री इतकी सारखी आहे की फरक कोठे पडला हे स्पष्ट दिसते. गडकऱ्यांनी नाटकाचा बराच मोठा भाग सुधाकराच्या पत्नीच्या, सिंधूच्या, स्वाधीन केला आहे. माहेरची मदत नाकारून लोकांचे दळण दळणारी, मुलाला पोटाशी धरून दाराकडे पाहणारी सिंधू प्रेक्षकाला सुधाकराच्या बैठकीतून उठवून घरात आणते, आणि शेवटी मूल जाते, ती जाते, मग सुधाकर जातो, तेव्हा या मृत्यूंतील कोणताही मृत्यू देखणा राहत नाही. ‘कबीर सिंग’मध्ये कॅमेरा जवळजवळ अखेरपर्यंत नायकाच्या खोलीत, त्याच्या दाढीजवळ आणि त्याच्या धुरात राहतो, नशेतल्या डॉक्टरच्या सुरीखाली असलेल्या रुग्णाचे घर त्यात नाही, घरकाम करणाऱ्या बाईच्या मागे धावण्याचा प्रसंग विनोद म्हणून येतो, आणि नायकाला प्रेयसी, अपत्य व प्रतिष्ठा असे सारे परत मिळते. या चित्रपटाला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळालेले होते, हे खरे. पण चित्रपटगृहाच्या दारावर तिकीट फाडणारा निदान चेहरा पाहून अडवू शकत होता, मोबाइलच्या पडद्याला असा द्वारपाल नसतो.

गडकऱ्यांचे नाटक निर्दोष आहे, असे येथे सुचवायचे नाही. तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ हे नाटकाचे विनोदाचे भांडार आहे, आणि त्या प्रवेशांना प्रेक्षक दाद देत आले, ती मद्यपानाच्या निषेधाला दिलेली दाद नव्हे. ३१ डिसेंबरच्या रात्रीनंतर मराठी वृत्तपत्रांत आजही तळीरामांवर कारवाई होते. सिंधू कोणत्याही मथळ्यात येत नाही. व्यसनाचा निषेध करणारी कलाकृतीदेखील व्यसनी माणसाला सर्वांत चटकदार वाक्ये देऊन जाते, ही अडचण नाटकाची होती आणि चित्रपटाने ती वारशात घेतली.

चित्रपटातील मद्याचा पुढील प्रवास थोडक्यात सांगता येतो. मुंबईत दारूबंदीचे वारे वाहत असताना, १९३९ साली, आचार्य अत्रे यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रँडीची बाटली’ आला. दारूचा गंधही नसलेला बगाराम प्रेयसीच्या भावाच्या औषधासाठी ब्रँडी शोधत फिरतो, ही त्यातील कल्पना, आणि दामुअण्णा मालवणकर यांनी त्या भाबडेपणावरच हशा मिळवला. हशा पिणाऱ्याला न मिळता न पिणाऱ्याला मिळावा, असा हा दुर्मीळ प्रकार आहे. हिंदीत त्याआधीच, १९३५ साली, प्रमथेश बरुआ यांच्या दिग्दर्शनाखाली कुंदनलाल सैगल यांचा ‘देवदास’ येऊन गेला होता, आणि शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या या कादंबरीवर १९५५ मध्ये बिमल रॉय यांनी व २००२ मध्ये संजय लीला भन्साळी यांनी पुन्हा चित्रपट काढले. देवदास मरतो, तरी त्याच्या मरणाने कोणी दारूला घाबरले असेल, असे म्हणणे कठीण आहे. कारण तेथे दारू ही प्रेमाच्या खरेपणाची साक्षीदार म्हणून येते आणि जो अधिक पितो त्याचे प्रेम अधिक खोल, असे समीकरण तयार होते. प्रत्यक्ष आयुष्यात सैगल १९४७ साली वयाच्या ४२व्या वर्षी गेले आणि त्यांच्या मद्यासक्तीची चर्चा त्यांच्या गाण्याइतकीच झाली.

पन्नास ते ऐंशीच्या दशकांत व्हिस्की बहुधा खलनायकाच्या अड्ड्यावर, कॅबरेच्या मंचाजवळ किंवा रॉबर्ट-मायकेल अशा नावांच्या ख्रिस्ती पात्रांच्या हाती असे. एका संपूर्ण समाजाला बाटलीशी जोडून टाकणारा हा साचा मुंबई-गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांवर किती अन्याय करणारा होता, याचा हिशेब हिंदी चित्रपटाने कधी दिला नाही. विनोदासाठी केश्तो मुखर्जी यांच्यासारखा हमखास बेवडा असे. बद्रुद्दीन काझी या नटाला तर गुरुदत्त यांनी एका प्रसिद्ध व्हिस्कीचेच नाव दिले, आणि स्वतः न पिणाऱ्या जॉनी वॉकर यांनी आयुष्यभर ते नाव सन्मानाने मिरवले. एखाद्या मद्य-कंपनीला एक पैसाही न खर्चता इतकी दीर्घ जाहिरात क्वचितच मिळाली असेल. १९८४च्या ‘शराबी’त अमिताभ बच्चन यांच्या रूपाने बेवडा हा पूर्णवेळ नायक झाला. आर्थिक उदारीकरणानंतर, विशेषतः २००१च्या ‘दिल चाहता है’नंतरच्या काळात, मद्य अड्ड्यावरून उठून मित्रांच्या सहलीत, लग्नाच्या संगीत-समारंभात आणि नायिकेच्या हातात आले. मराठीत ‘दुनियादारी’ने (२०१३) कट्ट्यावरच्या मैत्रीत आणि ‘नटसम्राट’ने (२०१६) म्हाताऱ्या कलावंतांच्या जिव्हाळ्यात त्याला जागा दिली. आता प्यायला दुःखाचे कारण लागत नाही. मद्याची ही सर्वसामान्यता ‘शराबी’च्या अतिरेकाहून अधिक परिणामकारक आहे, कारण अतिरेक डोळ्यांवर येतो आणि सर्वसामान्यता नजरेतून सुटते. नायिकेच्या हातातील ग्लासावरच तेवढे बोट ठेवणारी टीका मात्र येथे अप्रस्तुत आहे. दिल्लीच्या एम्सने केंद्र शासनासाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील पुरुषांत मद्य घेणारे २७.३ टक्के होते तर स्त्रियांत १.६ टक्के, तेव्हा प्रश्न कोणाचा आहे हे आकडेच सांगतात.

पडद्यावर ज्या गोष्टीची सर्वाधिक काटछाट होते ती म्हणजे शरीराला लागणारा वेळ. नायक बाटली तोंडाला लावतो, ती रिकामी करून फेकतो आणि पुढच्या दृश्यात दहा गुंडांना लोळवतो किंवा गाणे म्हणतो. या दृश्याचे साधे गणित मांडता येते. भारतात विकली जाणारी व्हिस्की बहुधा ४२.८ टक्के तीव्रतेची असते. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३२० मिलिलिटर, वजनाने सुमारे २५० ग्रॅम, शुद्ध इथेनॉल, अर्थात नशा आणणारे अल्कोहोल असते. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल विघटित करू शकते. आधी त्याचे ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते आणि मग निरुपद्रवी ॲसिटेट. या वेगाने एक बाटली शरीराबाहेर पडायला २५ ते ३५ तास लागतील. परंतु तेवढा वेळ मिळेलच असे नाही, कारण ६० किलो वजनाच्या तरुणाने ती एका दमात प्यायली तर त्याच्या रक्तातील अल्कोहोल १०० मिलिलिटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या आसपास जाईल. मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमानुसार वाहनचालकासाठीची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, आणि ४०० मिलिग्रॅमच्या पुढे श्वसनावर नियंत्रण ठेवणारे मेंदूतील केंद्र बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. तेव्हा वास्तववादाच्या नावाने ज्या दृश्याचा बचाव केला जातो, त्या दृश्यातील नायक वास्तवात रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात असायला हवा, तोही वेळेवर कोणी पोहोचवला तर.

दारू सुटण्याचे दृश्य याहून फसवे असते. आईचा अश्रू, प्रेयसीची थप्पड किंवा, ‘कबीर सिंग’मध्ये आहे त्याप्रमाणे, आजीचा मृत्यू, एवढ्याने नायक दुसऱ्या दिवसापासून कोरडा होतो. अवलंबित्व म्हणजे शरीर आणि मेंदू अल्कोहोलच्या सततच्या उपस्थितीला इतके सरावणे की ते नसताना त्यांचा कारभार बिघडावा. असे अवलंबित्व जडलेल्या माणसाने दारू एकाएकी बंद केली की काही तासांत हातांची थरथर, घाम, अस्वस्थता, निद्रानाश सुरू होतो, काहींना फेफऱ्यासारखे झटके येतात, आणि दोन-तीन दिवसांनी ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ नावाची भ्रमावस्था येऊ शकते, जिच्यात उपचार न झाल्यास माणूस दगावतो. म्हणून दारू सोडवणे हे वैद्यकीय देखरेखीखालचे काम आहे, आणि त्यानंतरचे महिनोन्महिने चालणारे समुपदेशन, मध्येच पाय घसरणे, पुन्हा उभे राहणे हे त्याहून मोठे काम. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांनी हे काम महाराष्ट्राला परिचित करून दिले. चित्रपटाने मात्र इच्छाशक्तीची दंतकथा सोडलेली नाही, आणि तिचा दुष्परिणाम असा की ज्या घरातील मुलगा किंवा बाप एका झटक्यात सोडू शकत नाही, त्या घराला तो नालायक वाटू लागतो. आजारी आहे, हे सुचत नाही.

तरुणांचा वेगळा विचार करण्यामागे शारीरिक कारण आहे. कपाळामागील मेंदूचा जो भाग परिणामांचा अंदाज घेतो आणि आवेगाला लगाम घालतो, त्याची जडणघडण पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते, तर बक्षिसाने आणि मित्रांच्या शाबासकीने उत्तेजित होणारी यंत्रणा किशोरवयातच जोरात असते. ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी १९९७ साली अमेरिकेतील मोठ्या पाहणीच्या आधारे दाखवले की १५ वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांना पुढे कधीतरी अवलंबित्व जडले, तर विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर सुरुवात करणाऱ्यांची घरची परिस्थिती मुळातच वेगळी असू शकते, हे मान्य करूनही पहिला पेला लांबणीवर टाकण्यात आरोग्याचा लाभ आहे, यावर फारसा मतभेद नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मद्याला १९८८ सालीच निश्चित कर्करोगकारकांत गणले, आणि २०२३ साली संघटनेने मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले.

चित्रपट पाहण्याचा आणि पिण्याचा संबंध शास्त्रीय रीतीने दाखवता येतो काय, हा यानंतरचा प्रश्न. नेदरलँड्समध्ये रुटगर एंगल्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १८ ते २९ वयाच्या ८० तरुणांना घरच्या दिवाणखान्यासारख्या खोलीत, पेयांनी भरलेल्या फ्रिजसह, चित्रपट दाखवले गेले. ज्या गटाच्या चित्रपटात मद्याचे प्रसंग अधिक आणि मधल्या जाहिरातीही मद्याच्या होत्या, तो गट मद्य नसलेला चित्रपट व जाहिराती पाहणाऱ्या गटापेक्षा सरासरी दीड ग्लास अधिक प्यायला. हा तात्काळ परिणाम झाला. प्रयोगाबाहेरच्या आयुष्यातील संबंधासाठी सहा युरोपीय देशांतील १६,५५१ शाळकरी मुलांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि पडद्यावरील मद्याशी अधिक संपर्क आलेल्या मुलांत एका बैठकीत बेसुमार पिण्याचे प्रमाण अधिक आढळले. भारतापुरते बोलायचे तर दिल्लीतील शाळांमधील १२ ते १६ वर्षे वयाच्या ३,९५६ विद्यार्थ्यांची पाहणी डॉ. मोनिका अरोरा आणि सहकाऱ्यांनी केली व २०१२ साली दुबईतील हृदयरोगविषयक जागतिक परिषदेत तिचे निष्कर्ष मांडले. ५९ लोकप्रिय हिंदी चित्रपटांतील मद्याचे प्रसंग मोजून, कोणत्या मुलाने त्यांतील कोणते चित्रपट पाहिले यावरून त्याचा संपर्क ठरवण्यात आला. सर्वाधिक संपर्क आलेल्या मुलांनी मद्य चाखलेले असण्याची शक्यता सर्वांत कमी संपर्क आलेल्यांच्या तुलनेत सुमारे पावणेतीन पट निघाली. घर, मित्र यांसारख्या इतर कारणांचा वाटा गणिताने वजा केल्यावर ही शक्यता सुमारे दीडपटीवर आली. या दोन आकड्यांमधील घट फार बोलकी आहे. वृत्तपत्रांना मोठा आकडा आवडतो, पण संशोधनाचा खरा निष्कर्ष लहान आकड्यात आहे: मुलाच्या पिण्यामागे घर आणि मित्रमंडळ यांचा वाटा मोठा, आणि तो बाजूला काढल्यावरही चित्रपटाचा म्हणून काही वाटा शिल्लक राहतो. एका वेळच्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

शासनाने या बाबतीत तंबाखूला एक न्याय आणि मद्याला दुसरा न्याय लावला आहे. तंबाखूच्या दृश्यांवर सरसकट बंदीचा प्रयत्न २००५च्या नियमांनी झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ती बंदी रद्द केली, आणि २ ऑक्टोबर २०१२ पासून चित्रपटाच्या आरंभी व मध्यंतरानंतर आरोग्यविषयक चित्रफीत आणि दृश्य चालू असताना खाली इशारा, अशी व्यवस्था आली. २०२३ पासून ती ओटीटी मंचांनाही लागू झाली. मद्यासाठी अशा स्वतंत्र केंद्रीय कायद्याचा आधार नाही. चित्रपट प्रमाणनाच्या १९९१च्या मार्गदर्शक तत्त्वांत मद्यपानाचे समर्थन वा उदात्तीकरण करणारी दृश्ये नसावीत, असे म्हटले आहे, आणि त्या आधारे इशाऱ्याची ओळ दिसते; पण उदात्तीकरण कशाला म्हणावे हे प्रत्येक परीक्षण समितीच्या मर्जीवर राहते. नशेतला नायक शेवटी सुखी झाला तर ते उदात्तीकरण आहे की नाही, याचे उत्तर पट्टीवरच्या चार शब्दांत मिळत नाही. मद्याच्या जाहिरातींना केबल दूरचित्रवाणीवर १९९४च्या नियमांनी मनाई आहे, तेव्हा कंपन्यांनी त्याच नावाचा सोडा, पाणी, संगीताच्या सीडी यांची जाहिरात सुरू केली. मूळ वस्तूचे नाव दुसऱ्या वस्तूच्या आडून विकण्याच्या या पद्धतीला छुपी जाहिरात म्हणतात. चित्रपटातील टेबलावर नाव दिसेल अशा रीतीने ठेवलेली बाटली ही तिची सख्खी बहीण आहे, आणि तिच्यासाठी कलेच्या स्वातंत्र्याचा कैवार घेण्याचे काहीच कारण नाही. कथेला दारू लागू शकते, लेबल लागत नाही.

विदर्भात या विषयाला एक वेगळी धार आहे. गांधी-विनोबांच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्हा १९७०च्या दशकापासून दारूमुक्त घोषित आहे, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या लोकआंदोलनानंतर १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात २०१५च्या एप्रिलमध्ये ती आली आणि २०२१ मध्ये उठली. या बंद्यांच्या यशापयशाचा वाद येथे करायचा नाही, चोरटी दारू वर्ध्यात कोणत्या मार्गांनी पोहोचते हे नागपूरकरांना सांगण्याची गरजही नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की या आंदोलनांचा आवाज प्रामुख्याने बायकांचा होता. २०१०च्या डिसेंबरात पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली चिमूरहून हजारो स्त्रिया पायी चालत नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर आल्या. गावातील वा प्रभागातील दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांचे मतदान घेण्याची जी तरतूद राज्यात आहे, तिच्यात मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्यावे आणि आडवी बाटली म्हणजे बंद करावे, अशी चिन्हे असतात, आणि एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. हिंदी-मराठी चित्रपटांत बाटली सदैव उभीच दिसत आली आहे. मोहाच्या दारूचा, देशी संत्र्याचा, पोळ्या-होळीच्या धिंगाण्याचा ज्यांना रोजचा अनुभव आहे, मजुरीच्या पैशांतला वाटा गुत्त्यावर गेल्यावर उरलेल्यात ज्यांनी घर चालवले आहे, त्या बायकांचा चित्रपट अजून कोणी लोकप्रिय केला नाही. दारूबंदीच्या जिल्ह्यात बाटली नेणाऱ्याला पोलीस पकडतात. तीच बाटली नायकाच्या हातात, गाण्यासह, वर्ध्याच्या आणि गडचिरोलीच्या मुलाच्या मोबाइलवर कायदेशीरपणे पोहोचते.

नशेभोवती वलय उभे करण्याच्या या प्रथेला एक अपवाद मात्र नागपुरातूनच निघाला. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी २००१च्या सुमारास सुरू केलेल्या फुटबॉलच्या कामावर नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ काढला आणि तो मार्च २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील विजय बोराडे ही भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली, म्हणजे ‘शराबी’नंतर ३८ वर्षांनी त्याच नटाला नशेत बुडालेल्या पोरांसमोर उभे राहावे लागले. या चित्रपटात नशा आहे, चोऱ्या आहेत, मारामाऱ्या आहेत, काही लपवलेले नाही. पण नशा करणाऱ्या पोरांभोवती वलय नाही आणि त्यांचा धिक्कारही नाही. बोराडे त्यांना व्यसनाचे दुष्परिणाम सांगत नाहीत. आधी खेळण्याचे पैसे देतात, मग पैसे बंद करतात, आणि तोवर पोरांना चेंडूची सवय लागलेली असते. व्यसनमुक्तीच्या शास्त्रात नशेच्या जागी दुसरा खरा आनंद उभा करण्याला जे महत्त्व आहे, ते येथे एका शब्दाचीही व्याख्या न देता दिसते. शिवाय मैदान मिळाल्यानेही सगळे सुटत नाही, जुनी भांडणे आणि पोलिसांची नोंद त्या पोरांपैकी अंकुशच्या मागे विमानतळापर्यंत येतात, हा प्रामाणिकपणा चित्रपट सोडत नाही. मंजुळे यांनी कॅमेरा वस्तीत ठेवला, त्यामुळे प्रेक्षकही वस्तीत राहतो.

अशा चित्रपटांची सक्ती करता येत नाही, आणि करूही नये. बंदीने कला सुधारल्याचे उदाहरण सापडत नाही. काही गोष्टी मात्र कायद्याच्या आवाक्यात आहेत. मद्याचे नाव दिसणाऱ्या बाटल्यांच्या दृश्यांना प्रमाणपत्र नाकारणे, २०२३च्या दुरुस्तीने ‘यूए’ वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे जे तीन भाग झाले त्यांत मद्याच्या प्रसंगांना स्पष्ट वजन देणे, आणि तंबाखूसाठी आहे तशी चित्रफीत मद्यासाठीही सक्तीची करून तिच्यात दारू सोडण्याच्या वैद्यकीय मदतीची माहिती देणे, यांपैकी कोणत्याही गोष्टीने दिग्दर्शकाच्या स्वातंत्र्याला धक्का लागत नाही. उरलेले काम शाळांचे आहे, आणि त्यासाठी आणखी एका व्यसनविरोधी शपथेची गरज नाही. मराठीच्या किंवा नागरिकशास्त्राच्या तासाला एखाद्या गाजलेल्या चित्रपटातील पिण्याचा प्रसंग दाखवून मुलांना विचारता येते की ही बाटली किती रुपयांची असेल, ती कोणाच्या पैशांनी आली, नायक घरी गेल्यावर दार कोणी उघडले, सकाळी ओकारी कोणी पुसली, आणि यांतले काय दिग्दर्शकाने दाखवले नाही. एम्सच्या त्याच राष्ट्रीय पाहणीत १० ते १७ वयोगटातील १.३ टक्के मुले मद्य घेत असल्याचे आढळले होते. प्रमाण लहान दिसते, पण देशातील त्या वयाच्या मुलांच्या संख्येला ते लावल्यास लाखोंचा आकडा निघतो, आणि दिल्लीच्या पाहणीतील आठवी-नववीच्या मुलांपैकी सुमारे दहा टक्के जणांनी मद्य आधीच चाखलेले होते. त्यामुळे हा तास नववीत ठेवण्यापेक्षा सातवीतच ठेवावा लागेल.